कोकनीसाठी काठी

ओर्डिस हॉगनच्या दुकानात मागच्या भिंतीशी
काठ्या उभ्या आहेत, एकवीस. मी मोजल्या,
कारण ती आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाला गांडुळं देत होती.
"कोणासाठी, मार्नी?"
"बाबांसाठी."
ती चष्मा काढते, पुसते, परत लावते.
आयडाहोच्या या टोकाला, एवढ्याशा गावात
सगळ्यांना ठाऊक आहे की लेलंडचा उजवा हात
दोन वर्षांपासून लेलंडचं ऐकत नाही.

मी आधी काळी उचलते. कार्बनची, ताठ, महाग.
बाबांना आवडली असती.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस,
मोडेन पण वाकणार नाही, या जातीचा;
त्यांच्या जुन्या काठीनं तर समुद्रातला हॅलिबट उपसता आला असता.
त्या काठीनं आम्ही
मासे कमी पकडले, ओठ जास्त.
झटका, शिवी, आणि गळाला लटकलेली
नखाएवढी पारदर्शक कातडी.

"कोकनीचं तोंड म्हणजे भिजलेला कागद,"
ओर्डिस म्हणते, आणि काळी काढून घेते.
मग कोपऱ्यातून एक आणते,
काचतंतूची, मधाच्या रंगाची, साडेसात फुटी,
शेंडा माझ्या तळहातावर टेकवते
आणि दाबते.
काठी वाकते. अजून वाकते.
पार मुठीपर्यंत वाकते, आणि कुरकुरतसुद्धा नाही.

"शिशाचा गोळा नव्वद फूट खाली,
तंगूस चिमट्यात, ही अशी कमान करून होल्डरमध्ये.
तासन्‌तास. मासा लागला
की चिमटा सुटतो, आणि काठी सरळ होते.
नवे लोक वाकण्याची वाट बघत बसतात."

मी दुकानात कोणी नाही असं बघून
मूठ धरते, आणि उजवा हात हलवते,
त्यांचा हलतो तसा.
बारीक. थांबून. परत बारीक.
थरथर काठीत शिरते, मध्यापर्यंत जाते,
मग कुठेतरी हरवते, किंवा मला तसं वाटतं.
ओर्डिस गल्ल्यातली चिल्लर लावत बसते,
एक डॉलर, दोन डॉलर,
माझ्याकडे बघत नाही.

रविवारी पहाटे पाचला सरोवरावर
पाणी शाईसारखं, डोंगरांवर अजून मागच्या हिवाळ्याचे डाग.
मी गुलाबी रबरी झालर लावली,
गळाला लसणात मुरवलेले मक्याचे पांढरे दाणे,
पुढे पितळी चकती.
बाबा काठीकडे बघून म्हणाले,
"ही? ही तर शेवयांची."

पण हात ठेवला तिच्यावर.
होल्डरमधून काढली नाही, नुसता हात ठेवला,
कुत्र्याच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि हात त्याचं त्याचं काम करत राहिला.
शेंडा नाचत होता. मला वाटलं, सांगावं,
बाबा, हात काढा, मासा कळणार नाही.
नाही सांगितलं. मोटारीचा वेग थोडा कमी केला,
उगाच.

सहा वाजून दहा मिनिटांनी काठी सरळ झाली.
एकदम, वर्गात नाव पुकारल्यासारखी.
त्यांनी डाव्या हातानं रीळ फिरवलं,
झटका दिला नाही, की देता आला नाही,
मला विचारायचं नाहीये.
जाळीत आला तेव्हा निळसर चांदी,
खवले माझ्या बोटांना चिकटले, गळ ओठात जागच्या जागी.
सप्टेंबरमध्ये हेच मासे लाल होतील,
ओढ्यांच्या गोट्यांत मरून पडतील, आणि गरुड येतील.
आज जून आहे.

सातपर्यंत तीन.
शेजारच्या होडीतून डुएन क्रॉली ओरडला,
"लेलंड, काय करतोयस तू?
इकडे एक नाही!"
चकती मध्येच दचकली पाहिजे, हे सगळ्यांना माहीत आहे;
त्यासाठी लोक दर मिनिटाला काठीला टिचकी मारतात
आणि विसरतात.
बाबांनी हात वर केला, तोच, उजवा,
सगळ्या सरोवराला दिसेल असा,
आणि काही बोलले नाहीत.

आता थर्मासमधली कॉफी अर्धी सांडलेली आहे.
किमतीचं लेबल मुठीवर तसंच राहिलंय, माझी चूक.
ते नखानं खरवडताहेत.
बराच वेळ लागेल असं दिसतंय.
मी पुन्हा गोळा खाली सोडते,
पंच्याऐंशी, नव्वद.