तांबडी पट्टी

उचगावच्या साइटवर, सिमेंटच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून
मी पट्ट्या ओढते.
खोदाई निळी, पाया निळा,
दुसऱ्या मजल्याचं सेंटरिंग
बाणानं आधीच्या कामाला बांधलेलं,
दावणीला बांधावं तसं.

शिवगोंडा सुतार म्हणतो, मंगळवारी जमायचं नाही,
आमच्या पेठेची फायनल हाय.
सॉफ्टवेअरला रविवार कळतो, दिवाळी कळते,
शाहू स्टेडियम किती वाजता भरतं ते कळत नाही.
मी पट्टी एक घर सरकवते
आणि तिच्यामागनं अख्खी इमारत
मुकाट एक दिवस पुढं जाते:
फरशी, रंग, लिफ्ट,
चौगुले सरांची वास्तुशांतसुद्धा.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मधोमध एक तांबडी पट्टी. लांबलचक.
स्लॅबचं क्युरिंग, चौदा दिवस.
तिच्यात एका दिवसाचीही ढील नाही.
‘साधन’ या रकान्यात मी भरलंय: पाणी.

वर गोदाक्का
वाळू-सिमेंटची आळी करून
स्लॅबभर पाणी कोंडते.
सकाळ-संध्याकाळ पाइप, दुपारी ओली गोणपाटं.
तिथनं जोतिबाचा डोंगर दिसतो म्हणते,
पण बघत कोण बसतंय.

चहाला खाली आली, तेव्हा स्क्रीन तिच्याकडं फिरवला.
“ही तांबडी कुणाची?”
“तुमची, अक्का. ही थांबली तर घर थांबतंय.”
पदराला हात पुसत ती बघत राहिली.
“मग हजरी वाढवा की, मॅडम.”

मी ‘पाणी’ खोडलं, गोदाक्का लिहिलं.
शेजारी, दराच्या रकान्यात,
कर्सर लुकलुकत राहिला.