दोन शतांश इकडे-तिकडे

ड्रॉइंगवर नाव नव्हतं.
भोसरीत बिननावाची ड्रॉइंगं येतात, त्यात नवल नाही.
तांब्याची रिंग, आतून वीतभर,
दोन शतांश इकडे-तिकडे चालतील.
काळोखे शेठ म्हणाले, पंपाचा पार्ट आहे.
मुनेश्वरनं लेथवरून पहिला नग उतरवला, तळहातावर तोलला:
ताई, एवढ्या नाजूक मापाचा पंप
कुठल्या विहिरीत बसवतात?

मी इन्स्पेक्शनला. माझ्या गेजला दोन टोकं,
एक 'जा', एक 'जाऊ नको'.
पहिलं आत गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे.
दोन्ही जमलं की मी सही करते.
नग कुठे जाणार, याचं टोक गेजला नसतं.

रात्री टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं
'तटस्थ' या शब्दावर भांडत होती.
मी एकतानगरीत राहते. मला तो शब्द ठाऊक आहे.
तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा.
खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा
वरचे लोक क्युसेकमध्ये बोलतात
आणि काठावरच्याला पहाटे चारला
पार्किंगमधल्या स्कूटरचा फक्त आरसा दिसतो.
तो नदीत उतरलेला नसतो.
नदी जिना चढून आलेली असते.

आधी तेलाचा डबा महागला.
मग ऑर्डर दुप्पट झाली, रविवार गेला.
खोक्यांवर तिसऱ्याच देशाचं लेबल,
तिथे म्हणे पंप फार लागतात.
ओव्हरटाइमच्या पैशांतून मी मुलीची फी भरली,
सोन्याची साखळी सोडवून आणली.
हे लिहून ठेवते,
नाहीतर कविता फारच स्वच्छ होईल.

फेब्रुवारीत मुनेश्वरनं मोबाइलवर एक फोटो दाखवला.
कुठलंसं उसाएवढं उंच गवत, मधे खड्डा,
कडेला वाकलेली रिंग.
त्याचं टूल किंचित डावीकडे ओढतं,
कडेवर केसासारखी रेघ उठते,
शेठ त्यावरून वर्षभर ओरडतायत.
त्यानं फोटो मोठा केला. रेघ होती.
मग मोबाइल पालथा ठेवला
आणि डबा न उघडता मशीनवर गेला.

तो फोटो आणखीही कुणी मोठा करून पाहिला असणार.

एप्रिलमध्ये त्या समुद्रात एक जहाज पेटलं.
पोटात खत होतं, निदान कागदोपत्री.
इंजिनरूममध्ये शेठांचा भाचा, प्रणीत,
दिवाळीत आम्हाला खजूर वाटून गेलेला.
शेठनी शटर एक दिवस खाली ओढलं.
दुसऱ्या दिवशी वर केलं, कारण डिलिव्हरी होती.
त्या संध्याकाळी मंत्री म्हणाले,
आपण आजही तटस्थ आहोत, पण.
'पण'च्या पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.
कॅन्टीनमध्ये टाळ्या वाजत होत्या,
आणि माझेही हात
कुणीतरी वाजवत होतं.

आता खडकीच्या बाजूनं भोंग्याची चाचणी होते.
गेटवर रायफलवाला बसतो, नाव विचारतो,
दहा वर्षं रोज इथे येणाऱ्या माणसांना.
तिसरी पाळी सुरू झाली.

काल नवीन ड्रॉइंग आलं. त्यावर नाव होतं.
आपलंच.
मुनेश्वरनं विचारलं, ताई, दोन शतांश चालतील ना?
मी कागद उजेडाकडे धरला.
एकच, म्हटलं. आता एकच.