इतिवृत्तात न लिहिलेलं

सभा क्रमांक एकेचाळीस.
स्थळ : खासबाग, कामकरांची मागशाळा.
वेळ : सायंकाळी सात, म्हणजे पावणेआठ.
हजर : सहा. अध्यक्ष गैरहजर,
सुनेला दवाखान्यात नेलंय.

एवढं वहीत लिहिलं.

लिहिलं नाही ते असं,
की माग बंद केले तरी खटखट कानात राहते
आणि आम्ही सगळेच जरा ओरडून बोलतो,
नाल्यालाच ऐकवायचं असल्यासारखं.

भरमाण्णा होनगेकरांनी पिशवीतून बाटली काढली.
रिकामी.
भरलेली साहेबांच्या टेबलावरच राहिली म्हणाले.

त्यांच्या देवळीत अशा एकोणीस आहेत.
दर पावसाळ्याची एक, चिकटपट्टीवर तारीख.
लोणच्याच्या, हॉर्लिक्सच्या,
एक खोकल्याच्या औषधाची,
त्या साली बळ्ळारी नाला रात्रीत चढला
आणि हाताला दुसरं काही लागलं नाही.
बारा गुंठ्यांतलं भात तीनदा लावलं त्या साली.
बायको म्हणते, देवाशेजारी गटार मांडलंय ह्यांनी.
खरं रोज पुसते तीच.

अर्ज कन्नडात लागतो, तो ईराण्णा मुगळी लिहितो.
मी सांगते, तो मान हलवतो,
माझ्या तीन वाक्यांचं एक करतो.
उरलेल्या दोघांचं काय करतोस रे, विचारलं एकदा.
म्हणाला, ठेवलीत की, पुढच्या अर्जाला.

त्या दिवशी फाटकावर शिपायानं अडवलं.
काय आहे हे?
पाणी.
मग पिऊन दाखवा.
भरमाण्णांनी शांतपणे झाकण फिरवलं,
अर्ध्यावर असतानाच तो दोन पावलं मागं सरला.
जावा, आत जावा.

आतले साहेब नवे. पाच वर्षांतले चौथे.
त्यांनी बाटली उजेडात धरली,
तळाचा गाळ हलला, वर आला, पुन्हा बसला.
बजेट बघतो म्हणाले.
हे वाक्य वहीत आधीच तीनदा आहे,
मी फक्त तारीख घातली.

नवव्या दिवशी जेसीबी आला, कुणाला न सांगता.
पुलापासून विटांच्या भट्टीपर्यंत दोन दिवस उपसला,
तिसऱ्या दिवशी गेला.
गाळ काठावरच, बाळंतिणीच्या खाटेइतका उंच,
पहिल्या सरीला परत आत जाईल असा.

म्हणून रविवारी आम्ही.
बीबीजान सनदींनी लेकाचा टेम्पो आणला,
लेकाला न विचारता.
कामकरांच्या मागावरची दोन पोरं आली,
ज्यांचं शेत नाही, घरही चढावर.
का आलात विचारलं तर म्हणाली,
सुट्टीला दुसरं काय आहे हो.
अकरा खोरी होती, माणसं चौदा,
त्यामुळे तिघं कायम सल्ला देत होते.
गाळातून निघालं ते :
चपला, सगळ्या डाव्या, का कोण जाणे,
एक शिलाई मशीनचं चाक,
आणि एक पाटी, अक्षरं पार गेलेली,
कुठल्या भाषेतली होती यावर
दहा मिनिटं वाद झाला, मग चहा आला.

हे सगळं वहीत एका ओळीत आहे :
'श्रमदान झाले. टेम्पो फेऱ्या सात.'

सभा चालू असताना कचेरीतून फोन आला.
तुमची बाटली न्या, वास मारतेय.
भरमाण्णा म्हणाले, असू द्या म्हणावं तिथंच,
झाकण घट्ट आहे का तेवढं बघा.

ठराव पहिला : उरलेला गाळ येत्या रविवारी. मंजूर.
ठराव दुसरा : डिझेलचे पैसे टेम्पोवाल्याला द्यावेत
आणि त्याची माफी मागावी. मंजूर.

मग परत फोन वाजला, ह्या वेळी अध्यक्षांचा.
ऐकून सगळे उभे राहिले,
का उभे राहिलो कुणालाच कळलं नाही,
बीबीजाननी पर्समधून खडीसाखर काढली.
हे कुठल्या सदरात घालावं?
शेवटी,
'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' याखाली
मी लिहिलं :
मुलगी. अडीच किलो.
दोघीही बऱ्या.