खिळा नसलेलं टेबल

सुथाराला सांगितलं, एकही खिळा नको.
जयंतीभाईंनी कानामागची पेन्सिल काढली.
"तो पछी पकडशे कोण, बेन?"
लाकूड लाकडाला धरेल, म्हटलं. कुसू आणि खाच.
तीन आठवड्यांनी रावपुऱ्यातून हातगाडीवर आलं,
वर एक फळी, फळीला एकशे सतरा भोकं,
दर वीस मिलिमीटरला एक.

स्टीलची खुर्ची बाहेर. पंखा बंद. किल्ल्या, डबा, माझं घड्याळ
व्हरांड्यात एका ओळीत, देवळाबाहेरच्या चपलांसारखे.
लोखंड जवळ आलं की चुंबकी क्षेत्र वाकतं
आणि सेन्सरला वाटतं, आपण सरळच आहोत.

फ्रिजमध्ये खोटं यकृत थांबलंय:
अगर-अगर, पाणी, आणि आईच्या बरणीतला इसबगोल
(तिला सांगितलेलं नाही),
म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर खऱ्यासारखं करडं, दाणेदार दिसतं.
श्रीखंडाच्या डब्यात गोठवलंय.
आत चार सेंटिमीटरवर नायलॉनचा धागा.
त्याची पाळी नंतर. आधी फळी.

सेन्सर हरभऱ्याएवढा. एकेका भोकात बसवते,
आकडा सांगते, खानविलकर वहीत उतरवतात.
शून्य पूर्णांक आठ. शून्य पूर्णांक सात. परत आठ.
सातव्या ओळीत दोन पूर्णांक तीन.
पुसून पुन्हा. दोन पूर्णांक तीन.

"दोन मिलिमीटरने काय होतं, बाई?"
गाठ कधी कधी पाचचीच असते, म्हटलं.
सुई तिच्याकडे निघते
आणि शेजारी पोचते.

टेबलाखाली वाकून पाहिलं. भिंत ठोकून पाहिली, आत नळ असेल.
खाली लिफ्ट चालू होती, ती थांबवून आले,
तिसऱ्या मजल्यावरचे देसाई साहेब ओरडले.
काही नाही.
खानविलकर पाणी प्यायला खिडकीशी गेले.
शून्य पूर्णांक आठ.
परत आले, वही उघडली.
दोन पूर्णांक तीन.

मी त्यांच्याकडे बघत राहिले.
त्यांनी हळूच मांडीवर हात ठेवला.
"सळी आहे. अठ्ठ्याऐंशी साल. काळ्या घोड्यापाशी, स्कूटरवरून.
खरं सांगतो, विसरलोच होतो.
थंडीत तेवढी आठवते."

मग दुपारभर त्यांनाच मोजलं.
अर्धा मीटर, पाऊण, एक.
दर पावलाला चूक उतरत गेली,
सव्वा मीटरवर नाहीशी झाली.
तिथे फरशीवर खडूने रेघ मारली
आणि वही मी घेतली.

अहवालात एक रकाना असतो, चुकीचं कारण.
मी लिहिलं: निरीक्षकाचा पाय.
खानविलकरांनी रेघेपलीकडून मान लांब करून वाचलं.
"बाई," म्हणाले, "उजवा लिहा."