पुढची फळी

पेडेच्या टर्फवर पाणी मारून झालंय.
कुंपणाबाहेर चिऱ्याची लाल धूळ, तिथेच बसून
फ्रांसिस्कसरांनी यादी माझ्यापुढे सरकवली:
‘तूच सांग. शमिका पुढे खेळेल?’

सतरा वर्षांची. मांद्र्याहून पहिल्या बसने येते,
स्टिकच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब.
काल तिघींना चकवलं तिनं,
चौथीच्या नादात चेंडू घालवला.
मी मोकळी होते. ओरडलेसुद्धा.
तिनं पाहिलं नाही.
की पाहिलं, आणि दिला नाही?

धाव आहे, सर. मनगट आहे.
मान तेवढी वर करायची राहिलीय,
आणि ती काही
बाकावर बसून शिकता येत नाही.
मीही नव्हते शिकले.

नऊ नंबर अकरा वर्षं माझ्या पाठीवर.
गुडघा रात्री काय बोलतो
ते मी घरीही सांगितलेलं नाही.

म्हापशाच्या शुक्रवारी आई
हरमलच्या मिरच्या तोलायची.
गिऱ्हाईक ओळखीचं असो, नडलेलं असो,
काट्याला बोट लावायची नाही.

सर म्हणाले, पेन्सिलच आहे, खोडता येईल.
मी दाबून लिहिलं: शमिका मांद्रेकर, मधोमध.
माझं कुठं ते त्यांनी बघावं.

मग खाली बसून
गुडघ्याची पट्टी सोडत राहिले,
बराच वेळ.