खालची ओळ

मला अक्षरामागे पैसे मिळतात.
स्वल्पविरामाचे नाहीत; नावावरच्या टिंबांचे मात्र मिळतात,
ते मी एका हिवाळ्यात भांडून मिळवले.

गोथेनबर्गच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
वासराचं कातडं, हंसाचं पीस, ओकच्या गाठींची शाई.
दर ऑक्टोबरात सचिव सिक्स्टेन पाकीट घेऊन येतो,
बूट पुसतो, कॉफी नको म्हणतो
आणि माझ्या कपातली पितो.
पाकिटात एक नाव.
जगाला कळायच्या आधी सहा दिवस
ते माझ्या हाताला ठाऊक असतं.

लोक विचारतात, जावई तर जेवताना हटकून :
यात राजकारण असतं का हो?
मी म्हणते, मला काय माहीत, मी समितीत नाही.
मी लिहिते. कधी कधी पुसते.

एकदा रात्री अकराला फोन आला.
"इंगेयेर्ड, शुद्धलेखनाची चूक झालीय."
कुठल्या अक्षरात?
"सगळ्याच."
आधीचं नाव सोळा अक्षरी, नवं नऊ.
मधे काय घडलं मला कुणी सांगितलं नाही.
त्या वर्षी कुठल्याशा देशाने आमच्याकडून जहाजं घेतली,
पेपरात होतं, आतल्या पानावर.
दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.
आणि ज्याला मिळालं तो लायकच होता,
त्याने खणलेल्या विहिरींना अजून पाणी आहे.
तिथेच तर घोडं अडतं.
भोंदू असता तर किती सोपं झालं असतं.

यंदाचं नाव : ओयसुलुव मिर्झायेवा.
नदी मोजणारी बाई.
बत्तीस वर्षं एकाच नदीची खोली, गाळ, खार
वहीत उतरवत राहिली.
वहीचे आकडे सरकारी आकड्यांशी जुळेनात
म्हणून तीन वर्षं आत बसली,
सुटल्यावर डोंगर ओलांडून शेजारच्या देशात गेली.
नाव लिहायला सरळ. घोळ खालच्या ओळीचा.
नावाखाली देश लिहायचा असतो.

सोमवारी सिक्स्टेन म्हणाला, जिथे जन्मली तो.
मंगळवारी : नको, जिथे आसरा मिळाला तो.
बुधवारी त्याच्यासोबत परराष्ट्र खात्यातला
एक पोरगेला माणूस आला, कोट न काढताच उभा राहिला.
म्हणाला, पहिलाच बरा,
ते लोक आता बोलायला तयार झालेत.
ज्यांनी तिला कोंडलं त्यांचा देश, तिच्या नावाखाली,
आयत्या बिळावर नागोबा.
मी लिहिला. (अक्षरं जास्त होती, खोटं कशाला बोलू.)
गुरुवारी फोन : ओळ रिकामी ठेव.

रिकामी?
कातडं म्हणजे कागद नव्हे, सिक्स्टेन.
तीनदा खरवडलं की ते पातळ होतं,
तिथे धुरकट पट्टा उमटतो,
आणि दिव्याखाली तो पट्टा बोलतो.
तो म्हणाला, सभागृहात दिवे मंद असतात.

समारंभात मी मागे, खांबाआड बसते.
भाषणांत "राजकारणापलीकडे" पाच वेळा आलं.
मी हातमोज्यात बोटं मोडत होते.

मग खालच्या दालनात ती मला शोधत आली.
बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.
प्रशस्तिपत्र तिने दिव्याशी आडवं धरलं,
कोरड्या पात्राकडे बघावं तसं,
आणि त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.
दुभाषी पोरगी म्हणाली :
"त्या विचारताहेत, इथून किती वाहून गेलं?"

मी तीन बोटं दाखवली.

ती हसली नाही, रागावलीही नाही.
पिशवीतून वही काढली, शिसपेन्सिल थुंकीने ओली केली
आणि काहीतरी टिपलं. तारीख असावी.

बिलात मी तिन्ही खेपा लावल्यात.
सिक्स्टेन म्हणतो, खरवडलेल्या अक्षरांचे पैसे द्यायची
आमच्याकडे पद्धत नाही.