सतरा मिनिटं

सांबऱ्याच्या विमानतळावर माझं काम खुर्ची ढकलायचं.
चाकांची खुर्ची. तीत बसून येतात निवृत्त मामलेदार,
गुडघे बदललेल्या सासवा,
एकदा तर एक पैलवान, पाय मोडलेला,
माझ्याकडं बघायला लाजत होता.

बहीण हौसाक्का तामगावात दिलेली.
कोल्हापूरच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून तिचं पत्र्याचं घर.
विमान डोक्यावर आलं की ती फोन उंच धरते:
ऐक.
पत्रा थरथरतो, कोंबड्या ओरडतात,
मग तीच विचारते, तुझं गेलं काय?
म्हैस चरून परत आली काय, तसं.

काउंटरवरच्या शिवलीलाला एकदा म्हटलं,
सांबरा ते कोल्हापूर, बघ की गं, किती वेळ.
तिनं बटणं दाबली, हसली. इल्ला, अण्णा.
आधी बेंगळूर. तिथं बसून राहायचं.
मग मागं फिरायचं, ते पण जमलं तर.
दिवस जातो म्हणाली.
भिंतीवरच्या नकाशात मी बोटं ठेवली.
दोन बोटांत मावलं.

रस्त्यानं म्हणाल तर काकती, हत्तरगी, संकेश्वर,
तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळी.
अडीच तास, गाडी बरी लागली तर.
डिसेंबरात इथं अधिवेशन भरलं, घोषणा झाल्या,
की कधी कधी नाक्यावरूनच गाड्या माघारी.
मागल्या खेपेला अक्का मसुराची पिशवी डोक्यावर घेऊन
नाका चालत ओलांडून गेली.
किती लांब चाललीस, विचारलं तर म्हणाली,
चपलेला विचार.

त्या सकाळी तिचा फोन लवकर आला.
गुऱ्हाळांचा धूर, वर धुकं, समोरचा गोठा दिसत नाही म्हणाली,
आणि विमान दोनदा येऊन घिरट्या घालून गेलं.
आता तुझ्याकडच्या अंगाला गेलंय बघ.
मी घड्याळ बघितलं. का, ते माहीत नाही.

आमच्याकडं ऊन पडलेलं होतं.
मुतग्याच्या बाजूनं ते उतरलं,
जे कधीच इथं येत नाही ते,
वाट चुकलेल्या पाहुण्यासारखं.

वहीत साहेबांनी लिहिलं: हवामान खराब, विमान वळवलं.
उतरलेली माणसं चिडलेली. एकजण ओरडत होता,
मला कोल्हापूर पाहिजे, बेळगाव नको.
खुर्चीतल्या म्हातारीनं विचारलं, हे कुठलं गाव रे?
सांबरा, आजी.
मग माझं कागल?
ते मागं राहिलं. बसनं सोडतील.
ती ज्या वाटेवरून आली होती
त्याच वाटेनं खालून परत निघाली, अडीच तासांची.

शिडीपाशी कोणी बघत नव्हतं.
विमानाच्या पोटाला मी तळवा लावला.
अक्काकडचं धुकं असेल थोडं, ओल असेल.
कोरडं होतं. गार होतं फक्त.

फोन केला.
पोचलं काय?
पोचलं.
किती वेळ लागला?
सतरा मिनिटं.

बराच वेळ तव्यावरचा उलथनं खरवडल्याचा आवाज.
मग म्हणाली, म्हणजे चार भाकऱ्या.
आणि ठेवता ठेवता,
परत धुकं पडलं की सांगते.